मूळ यादीला हात नको

कुणाच्याही कॉम्प्युटरजवळ आल्या की ताई आधी दोन्ही हात पाठीमागे बांधायच्या. मग विचारायच्या, “मूळ यादीला हात लावलास काय?” बाकीचं नंतर. प्रत्येक ऑफिसात असं एक माणूस असतं, तुम्हीही पाहिलं असेल.

आमचं ऑफिस पेणला, दोन खोल्यांचं. ताई रोह्याहून यायच्या. मी हिंगोलीकडचा, नववीतून शाळा सोडलेला. रोह्याच्या एका कंपनीत गोण्या उचलायची शिफ्ट करता करता मोबाइलवर प्रोग्रामिंग शिकत होतो, तिथून ताईंनीच मला इथं आणलं. तरी रोज वाटायचं, आज कुणीतरी दाखला मागणार आणि मी परत गोण्या उचलायला जाणार.

ताईंची एक लायब्ररी होती. पुस्तकांची नाही, टाइपस्क्रिप्टमध्ये प्रोग्राम लिहिणाऱ्यांना लागतात त्या बारीकसारीक फंक्शनांची. यादी गाळायची, क्रमाने लावायची, एका कामाला दुसरं जोडायचं. कुणीही घ्या, फुकट. नियम एकच: तुम्ही दिलेली यादी जशीच्या तशी राहणार, बदललेली वेगळी मिळणार.

हे वेड कुठून आलं ते हमरापूरच्या कारखानदार काकांनी सांगितलं. त्यांच्या गणपतींच्या बुकिंगचा प्रोग्राम ताईंचा. रंगवायला मोठ्या मूर्ती आधी, म्हणून ताईंनी यादी उंचीप्रमाणे लावली आणि बुकिंगचा क्रमच गेला. मूर्ती न्यायच्या दिवशी सगळ्यांत आधी नाव दिलेली, छोट्या गणपतीवाली माणसं शेवटपर्यंत पाट घेऊन उभी.

“आमी साचा काढतो नि मूळ मूर्ती फडक्यात बांधून फळीवर ठेवतो,” काका म्हणाले. “हिनं मूळच मोडलं. काय गो बाय?”

“हसा,” ताई म्हणाल्या. “माझी झोप गेली त्यात.”

ती खरंच गेली होती. दिवसभराचं काम झालं की अनोळखी लोकांच्या तक्रारींना उत्तरं. हे हळू चालतं, ते चालत नाही. आभार क्वचित. गाडीतसुद्धा मांडीवर लॅपटॉप.

एकदा म्हणाल्या, “दमले रे मी. आता तू सांभाळ.” लायब्ररीत काय घ्यायचं, काय नाही, हे ठरवायचा हक्क त्यांनी मला दिला.

“ताई, मी नववी.”

“लायब्ररी दाखला मागत नाय.”

त्यानंतर त्या यायच्याच बंद झाल्या.

परवा कुणीतरी एक बदल पाठवला: वेगळी यादी करायचीच नाही, दिलेली मूळ यादीच क्रमाने लावून टाकायची, म्हणजे काम झटपट होतं. ऑफिसचे प्रोग्रामही याच लायब्ररीवर चालायचे, त्यामुळे आमच्या मालकांना, शेठना, तो आवडला. “घे तो. तुला जमत नसेल तर डिग्रीवाला बघतो.”

रविवारी रोह्याला गेलो. ताईंनी चहा केला, चष्मा शोधला, माझ्या मोबाइलवर तो बदल वाचला.

“मला काय विचारतोस? तू हाय ना तिथं.”

माझा चहा संपेपर्यंत त्या खुर्चीतच झोपल्या. हात मांडीवर, सुटे पडलेले. तसे मी कधी पाहिले नव्हते.

मी आवाज न करता मोबाइलवर उत्तर लिहिलं: बदल घेत नाही. मूळ यादी तशीच राहील. मग दोन्ही कप विसळून पालथे घातले आणि दार हळूच ओढून घेतलं.