परदेशी खरेदी

बँकॉकच्या मॉलमध्ये कार्डाच्या मशीननं ‘रुपये की बाट?’ असं विचारलं. मी देशाभिमानानं रुपये दाबले आणि चलन बदलण्याच्या महागड्या दरात फसलो. वर बँकेनं फीही लावली. म्हणून गारखेड्याच्या शाखेत भांडायला गेलो.

बाकावर शेजारी कंपनीचा जुना शर्ट घातलेले एक काका कार्डाचं बिल मांडीवर ठेवून तळहातानं पुन्हा पुन्हा सपाट करत होते.

“तुम्ही काय घेतलं तिकडं?” त्यांनी विचारलं.

“मसाजची उशी.”

“माझं पोरगं दुबईत वारलं. दवाखान्याचं बिल भरल्याबिगर पोराला देईनात. कार्डानं भरलं. बँक त्याला परदेशी खरेदी म्हणून फी लावती. काय खरेदी केलं म्हणावं मी?”

यावर मी मुकाट उठून गेलो, असं लिहायला आवडलं असतं. माझा नंबर आला आणि काकांसमोरच मी उशीच्या फीसाठी तावातावानं भांडलो.