दारावरचा बल्ब

पडेगावच्या पुढं एका वस्तीवर आम्ही सर्वेवाले जमिनीत तारा पुरून बसलो होतो. काळ्या खडकाच्या खाली जुना गाळ किती खोल आहे, ते जमिनीत आपोआप वाहणाऱ्या बारीक विद्युतप्रवाहांवरून कळतं. जवळ विजेची लाइन असली की मोजमाप नासतं. इथं एकही खांब नव्हता, म्हणून आमचे साहेब खूश.

शेजारचा म्हातारा रोज दारावरचा बल्ब रुमालानं पुसायचा. कनेक्शनच्या आशेवर लावलेला, कधीच न पेटलेला बल्ब.

निघताना साहेब हसत म्हणाले, "चाचा, पुढच्या वर्षी परत येऊ. तोवर वीज येऊ देऊ नका."

"बेफिकीर या, साहेब," तो पुसता पुसता म्हणाला. "सरकारनं तुमची जागा लई जपून ठेवलीय."

पुढच्या वर्षी गेलो. बल्ब तसाच लख्ख पुसलेला होता, आणि आमचं मोजमाप एकदम स्वच्छ आलं.