देव पावला आणि फ्यूज उडाला

त्या काळात मी वाळूजच्या एका कारखान्यात गाड्यांच्या वायरिंगची तपासणी करायचो. दिवसभर इतरांच्या चुकांवर लाल शिक्के मारायचे, हेच काम. त्यामुळं विजेतलं आपल्याला कळतं अशी माझी समजूत होती. घरात ती फक्त माझीच होती.

आम्ही एक जुनी कार घेतली. रिमोट दाबला की चारही दारं एकदम खट्कन बंद व्हायची. आईचं माहेर दौलताबादकडचं, मेंढरं राखणारं. तिला या खट्कनचं लई कौतुक. "एका खटक्यात सगळा वाडा बंद. आमाला मेंढरांच्या वाड्याला काट्याचं झाप लावायला दोन माणसं लागायची," म्हणायची.

एका शनिवारी काचा पुसून झाल्यावर गाडी बंद करायला रिमोट दाबला तर दारं ढिम्म. माझ्याकडचं दार उघडून आत वाकलो. स्टिअरिंगखालच्या डबीचं झाकण काढलं. त्याच्या आतल्या बाजूला छापलेल्या तक्त्यात कुलपाचं चित्र शोधलं आणि प्लास्टिकच्या चिमट्यानं तो फ्यूज उपटला. पंधरा अँपिअरचा, निळा. उजेडात धरला तर आतली तार तुटलेली. नवा बसवला, दारं खट्कन वाजली. आईनं कौतुकानं बघितलं. मी छाती फुगवली.

पुढच्या शनिवारी परत तेच. त्याच्या पुढच्याही. दाराच्या बिजागरीपाशी वायर घासत असणार असं मी जाहीर केलं आणि सोसायटीच्या आवारात चारही दारांची आतली पॅनेलं उतरवली. शेजारी खुर्च्या टाकून बसले. दोष सापडला नाही. परत जोडल्यावर तीन स्क्रू मात्र उरले. कारखान्यातला एक सहकारी गंभीरपणे म्हणाला, "साडेसाती आहे."

चौथ्या शनिवारी बायकोच्या मामेबहिणीचं सिल्लोडला लग्न. सकाळी निघताना मी वैतागून पंधराच्या जागी तिसाचा हिरवा फ्यूज ठोकला. हीच गोष्ट कारखान्यात कुणी केली असती तर मी त्याला साहेबांपुढं उभा केला असता.

आई पुढं बसली होती. दर शनिवारी मी इंजिन चालू करून काचा पुसायचो, तेवढ्यात ती सिगारेट पेटवायच्या खोबणीत अगरबत्ती खोचायची. आमच्यात कुणी सिगारेट ओढत नाही, तेव्हा भोक वाया जायला नको, हा तिचा हिशेब. फुलंब्री ओलांडली आणि अगरबत्ती विझली. आईनं अंबाड्यातला आकडा काढला आणि त्यानं खोबणीतली राख कोरायला घेतली. चर्रकन ठिणगी उडाली. डॅशबोर्डातून धूर यायला लागला.

"आई!"

"वरडतो कशाला? दर बारीला उडती ठिणगी. देव पावला म्हंते मी."

मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि आधी तो हिरवा फ्यूज उपटला. प्लास्टिक जळल्याचा वास सुटला होता. मागून बायकोनं हात पुढं करून डबीचं झाकण घेतलं आणि तक्ता वाचला.

"अहो, कुलपाच्या शेजारी सिगारेट काढलीय. दोघांचा फ्यूज एकच आहे."

महिनाभर मी तोच तक्ता बघत होतो. फक्त कुलूपच बघत होतो.

सिल्लोडच्या वेशीवर वायरिंगचं दुकान होतं. मेहंदी लावलेल्या दाढीचे चाचा आत डोकावले, जळकी वायर बघितली, मग माझ्या हातातला हिरवा फ्यूज.

"तीस का कायकू डाले साब? गाडी जलाने की थी क्या?"

मी फ्यूज खिशात टाकला.

"काम क्या करते?"

"वाळूजला असतात," बायको लगेच म्हणाली. "गाड्यांच्या वायरिंगची तपासणी करतात."

चाचांनी मला एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं आणि पक्कड उचलली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्यांनी जळका तुकडा बदलला, खोबणीचं तोंड बुचानं बंद केलं आणि पंधराचा फ्यूज काढला. आई म्हणाली, "चाचा, मला दाखवा. याचं काय खरं नाय." त्यांनी चिमटा तिच्या हातात दिला. "अम्मा, निले की जगह निलाच. और भगवान को उप्पर बिठाव, बिजली में नक्को." आईनं जीभ दाताखाली धरून फ्यूज बसवला. दारं खट्कन वाजली. चाचांनी तिला चहा पाजला. मला विचारलंही नाही.

मंडपात पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या आणि पहिली पंगत उठत होती. उशीर का झाला, असं बायकोच्या मावशीनं विचारलं. मी काही बोलायच्या आत आईनं पदर सावरला.

"गाडीनं पेट घेतला वं बाई! ह्यो नुस्ता बघत राहिला. शेवटी मीच फूज घातला."

तिथून पुढं सिल्लोडला कुणाची गाडी अडली की सासरवाडीचे लोक फोन करायचे. मी उचलला की म्हणायचे, "जावईबापू, जरा विहीणबाईंना देता का?"