खरपुडीचा सत्कार

तुमच्या कॉलनीत झाडं लावण्यासाठी आधी काय काय उपटलं, हे तुम्ही कधी विचारलंत का?

मीही विचारलं नव्हतं. पर्यावरणाची पत्रकं वाचत वाढले, पण पायाखालचं रान मला आत्यानं दाखवलं. ती शाळेत शास्त्र शिकवायची. जुळे सोलापुरातल्या आमच्या कॉलनीच्या मोकळ्या जागेत, बोरीच्या झुडपांवर खरपुडीचे वेल चढायचे. खरपुडीच्या बऱ्याच जाती सह्याद्रीच्या कड्यांवर राहतात. आमचा कोरडा माळ हिनं पसंत केला. उन्हाळाभर कंद होऊन जमिनीखाली पडून राहायचं, पावसात वर येऊन कंदिलासारखं इवलं फूल धरायचं. माशी आत शिरली की नळीतले केस तिला अडकवतात; परागकण चिकटले की केस सुकतात, माशी सुटते. कमिटीत शिरलेला माणूस इतक्या लवकर सुटत नाही.

आमच्या कमिटीनं वृक्षारोपण ठरवलं. गुलमोहराची रोपं आली, फ्लेक्स छापला; फक्त जेसीबीनं 'घाण' काढणं बाकी होतं. आत्या अध्यक्षांकडे गेली. ते तिचेच जुने विद्यार्थी. एक कोपरा तसाच ठेवा, एवढंच तिचं मागणं. वेल दुर्मिळ आहे हे ऐकून त्यांना गहिवरून आलं. दुर्मिळ वस्तू आणि झुडपात? त्यांनी दिसले तेवढे कंद उकरून गेटपाशी गोल वाफ्यात लावले, भोवतीच्या विटांना चुना फासला, पाटी ठोकली आणि नारळ फोडला.

"बाई, आता काळजी सोडा की," ते म्हणाले. "रोज टँकरचं पाणी घालतो."

"घालू नका. कुजेल ती."

"आपल्या सोलापुरात पाण्यानं कोण मेलंय व्हय?"

सगळे हसले. नळाला पाणी येणं हाच जिथे सण, तिथे हा विनोद खपणारच.

श्रावण सरायच्या आत वाफ्याला वास सुटला. आत्यानं माती उकरली, तर कंदांचा लगदा. जात फारच नाजूक होती, असं अध्यक्षांनी खेदानं जाहीर केलं. सोलापूरचे उन्हाळे पचवणारी जात! गुलमोहरही वाळले, पण फोटो झकास आले.

तारेच्या कुंपणाखाली जेसीबीचा दात पोहोचला नव्हता. तिथे दोन वेल उरलेत. यंदाच्या वृक्षारोपणाचं निमंत्रण आलंय, आणि त्या दिवशी आत्या तिथेच खुर्ची टाकून बसणार आहे. मीही शेजारी असेन.

तुमच्याकडेही निमंत्रण येईल. पाहुणे पोहोचण्याआधी जा, झुडपांखाली वाकून बघा, आणि खरपुडी दिसली तर खड्डा दुसरीकडे खणायला सांगा.