कोंबड्या हायत तवर

तानाबाईंनी कोंबड्या पाळल्या त्या अंड्यांसाठी, असं कसबा बावड्यातल्या त्यांच्या गल्लीला वाटायचं. गल्लीचं तरी काय चुकलं म्हणा. कोंबड्या माणूस आणखी कशासाठी पाळतो? पण तानाबाईंना कोंबड्या हव्या होत्या त्या पुण्याला जावं लागू नये म्हणून, आणि हे त्यांच्याखेरीज फक्त त्यांच्या मुलाला, आदर्शला, माहीत होतं.

सगळा जन्म त्यांनी बाळंतपणाच्या दवाखान्यात आयाचं काम केलं होतं. गल्लीतल्या निम्म्या पोरांची पहिली आंघोळ त्यांच्या हातची. नवरा गेला, मग गुडघे गेले, मग काम सुटलं. दोन खोल्यांचं घर, मागं न्हाणी, न्हाणीच्या भिंतीला टेकून पत्र्याचा आडोसा आणि पुढं वीतभर परडं, एवढ्यात त्या एकट्या राहत. उन्हाळ्यात त्या न्हाणीत पाय घसरून पडल्या आणि सकाळी दूधवाला हाका मारीपर्यंत तिथंच पडून राहिल्या. तेव्हापासून आदर्शनं घोशा लावला होता, "आई, आता पुण्याला चल."

पुण्याला त्या एकदा महिनाभर राहून आल्या होत्या. नववा मजला. खिडकीला कबुतरांची जाळी. सूनबाई चांगली, नात अवंतिका तर गळ्यातला ताईत. पण सकाळी तिघं तीन दिशांना गेली की घरात फ्रीज तेवढा बोलायचा. "शेजारी माणूस हाय का न्हाई ते दारातल्या चपलांवरनं वळखायचं," असं त्या परत आल्यावर गल्लीत सांगत.

जून लागायच्या आधी मोटरसायकलला पिंजरा बांधून कोंबड्या विकणारा एक जण गल्लीत आला. तानाबाईंनी सहा तलंगा घेतल्या. वयात आलेल्या, पण अजून अंड्यावर न आलेल्या. त्याच संध्याकाळी आदर्शचा फोन आला.

"आता कसं जमतंय बाबा? कोंबड्या हायत की माज्या."

 आदर्श हसला. पुण्यात राहून त्याची भाषा सुधारली होती, पण आईशी बोलताना ती पुन्हा बावड्याला यायची. "बरं बाई. कोंबड्या हायत तवर ऱ्हा. मग मात्र नवं कारण काढायचं न्हाई."

"न्हाई काढत. शब्द दिला."

शब्द देताना त्यांनी परड्याकडं पाहिलं. सहाच्या सहा माती उकरत होत्या. दिवाळीपर्यंत अंडी, मग एक कोंबडा आणायचा, एखादी खुडूक होईल, मग पिल्लं. कोंबड्या कधी संपतात होय?

नावं आपोआप पडत गेली. सगळ्यांना टोच मारून रांगेत लावणारी तांबडी ती मेट्रन. तिच्या मागं मागं फिरणाऱ्या दोन पांढऱ्या सिस्टरा. दोन काळ्या बिननावाच्याच राहिल्या. आणि एक करडी, अंगानं बारकी, दाणे टाकले की सगळ्यांचं झाल्यावर येणारी. तिचं नाव पेशंट.

आषाढात झड लागली. कोल्हापूरची झड म्हणजे पाऊस पडत नाही, पाऊस राहायलाच येतो. राजाराम बंधारा पाण्याखाली गेला, भिंतींना ओल फुटली, मिठाला पाणी सुटलं. परड्याचा चिखल झाला, तशा तानाबाईंनी कोंबड्या पत्र्याच्या आडोशाला खुराड्यात घेतल्या. बंबातली राख पसरली, वर भुसा टाकला, माळ्यावरचा जुना पिवळा बल्ब शोधून लावला. तरी खालून ओल यायचीच. मग त्यांनी दवाखान्यातली युक्ती काढली. पावसाळ्यात बाळाचे कपडे वाळत नसत तेव्हा आया ते इस्त्रीनं वाळवत. तानाबाई गोणपाटाचे तुकडे करून रोज इस्त्री फिरवायच्या आणि कोंबड्यांखाली अंथरायच्या. ओल्या गोणपाटाची वाफ घरभर व्हायची.

"काय मावशी, कोंबड्यांस्नी युनिफॉर्म हाय व्हय?" समोरचा केरबा रिक्षावाला रिक्षा पुसता पुसता ओरडायचा.

"तुज्यापरीस सोच्छ हायत त्या," तानाबाई आतून.

लसीचंही त्यांनी विचारलं होतं. जनावरांच्या दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, नीट बोलला. "मावशी, बाटली फोडली की शंभर पक्ष्यांना होते, आणि लगेच वापरावी लागते. सहासाठी कशी फोडू? आसपासच्या कोंबड्या गोळा करा, येतो मी." तानाबाईंनी अख्खी गल्ली विचारली. कुत्री होती, पोपट होता, कोंबडी कुणाकडं नव्हती. "मग कॅम्प लागला की फोन करतो," डॉक्टर म्हणाला. "तोवर बाहेरचा पक्षी आत घेऊ नका."

हे वाक्य तानाबाईंना पाठ होतं. बाहेरचा पेशंट आधी वेगळा, हे तर त्यांना डॉक्टरच्या जन्माआधीपासून ठाऊक होतं. आणि तरीही पुढचं घडलं.

एका दुपारी फाटकाशी हाक आली. "मावशी, हायसा का?"

शेजारच्या बंगल्यातल्या संयोगितावहिनी होत्या. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पिशवी, आणि पिशवीतून तुरा बाहेर काढलेला टपोरा कोंबडा.

"या की वैनी, भिजतायसा कशाला?"

"आत न्हाई येत. सुतक हाय आमाला. ह्यांचे चुलते वारले, गडहिंग्लजला." तेही खरंच होतं. एरवी सुतक नसतानाही वहिनी कधी फाटकाच्या आत आल्या नव्हत्या. तानाबाईंनी ते कधी मनाला लावून घेतलं नव्हतं, किंवा लावून घेतलं नाही असं ठरवलं होतं. "टेंबलाईच्या जत्रंचा कोंबडा हाय हो, मावशी. बाजारातनं आणला आणि लगेच फोन आला. सुतकाच्या घरात देवीचं कसं ठेवायचं? सुतक फिटलं की शेवटच्या शुक्रवारी नेतो. तुमच्यात कोंबड्या हायतच. तेवढी राखण करा."

तानाबाई बौद्ध. घरात बुद्धाची मूर्ती, विहारात नुकतंच वर्षावासाचं वाचन सुरू झालेलं; देवीच्या कोंबड्याशी त्यांना काय देणंघेणं? पण इतक्या वर्षांत त्या बंगल्यानं त्यांच्याकडं काहीतरी मागितलं होतं, आणि तेही देवाचं. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "त्यात काय वैनी! द्या हिकडं."

त्याला वेगळं ठेवायचं त्यांच्या मनात होतं. न्हाणीत ठेवला, तर न्हाणीत पाणी. परड्यात डालग्याखाली झाकला, तर वरून धार. घरात घेतला, तर त्यानं बुद्धासमोरच घाण केली. कोरडी जागा अख्ख्या घरादारात एकच होती, बल्बखाली, इस्त्री केलेल्या गोणपाटावर. "धा-बारा दिसाचा तर पावणा," म्हणून त्यांनी खुराड्याचं दार उघडलं.

कोंबड्यानं आधी रुबाब केला. मेट्रननं त्याला एक टोच दिली, तसा कोपऱ्यात बसला. मग तो बसूनच राहिला. पंख सैल, डोळे मिटलेले, चोच उघडी; श्वास घेताना घशात घरघर. खाली हिरवं पाणी.  तानाबाईंनी हळद-लसूण वाटून चारलं, ड्रॉपरनं पाणी पाजलं. कोंबडा सुतक फिटायच्या आधीच मेला.

पिशवीत गुंडाळून त्या बंगल्याच्या पायरीपर्यंत गेल्या. पायरीवर नाही चढल्या. संयोगितावहिनींनी तोंडावर हात धरला. "आई गं! आणताना तर चांगला धडधाकट व्हता. तुमच्यात आल्यावर झालं हे."

"आजार संगट घेऊनच आलता, वैनी," असं तानाबाईंच्या जिभेवर आलं होतं. पण त्या म्हणाल्या, "देवीचं रिकामं नको ऱ्हायला. माजी तांबडी न्या. मेट्रन. अजून धड हाय, लई गुणाची हाय."

वहिनी गडबडल्या. "नको, नको. तुमच्यातलं देवीला..." मग थांबून, "आजार हाय न्हवं तितं, म्हणून म्हटलं मी."

"व्हय की," तानाबाई म्हणाल्या. "आजार हाय."

परत येताना छत्री उघडायचं त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही.

डॉक्टरनं फोनवर सगळं ऐकून घेतलं. "मानमोडी दिसतेय, कोंबड्यांतला साथीचा रोग. आता आत शिरल्यावर लस देऊन उपयोग नाही, मावशी. औषधही नाही याला. मेलेल्या खोल पुरा, वर चुना टाका. उरतील त्या उरतील."

आधी एक सिस्टर गेली, मग तिच्यामागं दुसरी, मग दोन्ही काळ्या. तानाबाई सकाळी खुराड्याचं दार उघडायला भ्यायच्या. दवाखान्यात त्यांनी मूल गेलेल्या बायका सांभाळल्या होत्या. तेव्हा बाईच्या पाठीवर हात ठेवायचा, बोलायचं नाही, हे ठरलेलं होतं. इथं कुणाच्या पाठीवर हात ठेवायचा?

केरबानं परड्याच्या कोपऱ्यात खड्डा काढून दिला. काढेस्तोवर तो पाण्यानं भरला. वरून कळीचा चुना टाकला तसं पाणी फसफसायला लागलं, वाफ आली, आणि मेट्रनचं तांबडं पीस तरंगत कडेला आलं. केरबा नेहमी काहीतरी बोलायचा. त्या दिवशी त्यानं खोऱ्यानं पीस आत ढकललं, हात धुतले आणि गेला.

आदर्शचे फोन येत होते. "कोंबड्या बऱ्या हायत न्हवं?"

"बऱ्या हायत."

"आवाज येत न्हाई त्यांचा."

"पाऊस हाय बाबा. गप बसल्यात."

खोटं बोलायची सवय नसल्यानं त्या प्रत्येक फोननंतर पाणी पीत.

शेवटी उरली पेशंट. सगळ्यांत बारकी, सगळ्यांत मागची, तीच आजारातून उठली. पण तिची मान वळून गेली. चोच आभाळाकडं, डोकं पाठीवर. दाण्याकडं जायला निघाली की गोल गोल फिरायची आणि पडायची. तानाबाई तिला मांडीत घेत, एका हातानं डोकं सरळ धरत, दुसऱ्या हातानं भिजवलेली कणी एकेक करून चोचीत सोडत. असं दिवसभर चालायचं. गोणपाटाला इस्त्री आता एकटीसाठी.

तशातच एकदा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर अवंतिका. "आजी, मेट्रन दाखव!"

"मेट्रन... ड्युटीवर गेलीया बाळा. ही बग, पेशंट हाय."

अवंतिका बघत राहिली. "आजी, ती वर काय बघते? आणि बाकीच्या कुठं आहेत?"

तानाबाई पेशंटचं डोकं सरळ करू लागल्या. पोरीच्या मागून आदर्शचा चेहरा पडद्यावर आला. त्यानं कोंबडी पाहिली, मागचं रिकामं खुराडं पाहिलं, आईला पाहिलं.

"आई," तो म्हणाला, "रविवारी येतो मी."

"पेशंट हाय की अजून," तानाबाई घाईनं म्हणाल्या. "तिला सोडून कसं..."

"व्हय. बगू आल्यावर," आदर्श म्हणाला. शब्दाची आठवण त्यानं करून दिली नाही.

त्यानंतर तानाबाईंनी त्या कोंबडीची जी सेवा केली ती अपुऱ्या दिवसांच्या बाळाची केली असती तशी. रात्री उशाशी टोपलीत, दिवसा पदराखाली. आधी वाटलं, जरा सुधारतेय. एकदा तर तिनं स्वतःहून कणी उचलली. "बग, बग," तानाबाई मोठ्यानं म्हणाल्या, घरात कुणी नसताना. पण दुसऱ्या दिवशी ती खाईना. घातलेलं पाणी चोचीच्या कडेनं गळून जाऊ लागलं. शनिवारी दुपारी पाऊस जरा उघडला, परड्यात फिकट ऊन आलं, आणि पेशंट तानाबाईंच्या मांडीवर एकदा पंख ताणून मोकळी झाली. मेल्यावर मान सरळ झाली.

आदर्श आला तेव्हा पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. बुद्धाची मूर्ती साडीत गुंडाळलेली. भांडी पालथी. तो आत आला, न्हाणीमागं जाऊन बघून आला आणि आईशेजारी कॉटवर टेकला. कोपऱ्यात इस्त्री केलेल्या गोणपाटांची घडी होती. त्यानं तिच्यावरून हात फिरवला.

"आई, तुझा जीवच न्हाई लागणार तितं... तर ऱ्हा. मी काय म्हणत न्हाई. दुसऱ्या आणू आपण कोंबड्या."

तानाबाईंनी त्याच्याकडं पाहिलं. हे वाक्य त्यांना महिन्याभरापूर्वी किती हवं होतं!

"न्हाई आणता येत," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाला, रोग जागंत ऱ्हातोय. ओल हाय तवर हितं कोंबडी जगायची न्हाई. आणलेल्या परत मारायच्या व्हय?" मग कॉटवरून उठता उठता, "आणि शब्द दिलता की मी."

किल्ली त्यांनी संयोगितावहिनींकडं दिली. सुतक फिटलं होतं. वहिनी फाटकापर्यंत आल्या, डोळ्यांना पदर लावला. "निर्धास्त जावा, मावशी. आमी करतो की राखण."

"व्हय," तानाबाई म्हणाल्या.

पुन्हा झड सुरू झाली होती. गाडी हायवेला लागली, तसं त्यांनी एकदम आदर्शच्या दंडाला धरलं. "आरं, खुराड्यातला बल्ब चालूच ऱ्हायला."

सगळा जन्म त्यांनी कधी दिवा चालू ठेवून घर सोडलं नव्हतं. आदर्शनं गाडी हळू केली. "मागं फिरू?"

तानाबाई काचेवरच्या पाण्याकडं बघत बसल्या. काच आतून धुरकटली होती. पदरानं पुसली, तरी पलीकडचं दिसेना.

"नको," त्या म्हणाल्या. "जळून जळून जाईल आपला आपण."