मराठी नीट दाखवणारं टर्मिनल

बाळंतपणानंतर मी पुन्हा कामाला लागले ती अंथुर्ण्यातल्या सासरच्या घरातून. बारामतीच्या एका छोट्या कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली होती. शेतावरची मोटार चालू झाली किंवा बंद पडली, की शेतकऱ्याच्या फोनवर मराठीत निरोप जाणार होता. ते निरोप पाठवणारा प्रोग्रॅम माझ्याकडं होता.

आम्हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या कम्प्युटरवर टर्मिनल नावाची एक खिडकी कायम उघडी असते. तिथं हुकूम टाइप करायचे आणि आलेली उत्तरं वाचायची. पुण्यात नोकरीला असताना मी एक देखणं, रंगीत टर्मिनल वापरायचे. तिथला सगळा कारभार इंग्रजीत, त्यामुळं कधी अडलं नाही. इथं मात्र निरोप तपासायला त्यात आणले, तर मराठीचा पार चुराडा झाला. वेलांट्या आपलं अक्षर सोडून शेजारच्याला चिकटलेल्या, जोडाक्षरं फुटलेली. निरोप खरंच चुकलाय की नुसता तसा दिसतोय, हेच कळेना. नोकरी नवी, आणि बाळ उठायच्या आत काम उरकायचं. डोळे भरून आले.

सासरे, म्हणजे आमचे आबा, डाळिंबाच्या बागेतून जेवायला आले होते. माझा चेहरा बघून मागं उभे राहिले, चष्मा लावला आणि वाचायला लागले.

"वहि... हिर... ही कुठली भाषा म्हणायची?"

"मराठीच आहे, आबा. 'विहिरीवरची मोटार बंद पडली.'"

"मोटारीचं ऱ्हाऊ दे, हितं विहीरच ढासळलीया की!"

मला हसू फुटलं. दुसरं टर्मिनल शोधावं लागेल, फुकटात बरीच मिळतात, असं मी सांगितलं.

"मग घे की एकेक. मी वाचून बघतो."

त्या दुपारी आबा आडवे झाले नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसले. एका टर्मिनलमध्ये अक्षरांऐवजी नुसते चौकोन आले. दुसऱ्यात मराठी सुरेख दिसली, पण माझा जुना लॅपटॉप तापून घरघरायला लागला. ते नाइलाजानं सोडलं. मध्येच बाळ उठलं, तर आबांनी त्याला मांडीवर घेतलं.

मग एक अगदी साधं मिळालं. ना रंग, ना सजावट. अक्षर मोठं करून मी तोच निरोप आणला. आबांनी तो न अडखळता वाचला आणि म्हणाले, "झ्याक हाय. हेच ठेव."

ते ठेवल्यावर खरी चूक उघडी पडली. लांब निरोपातलं शेवटचं अक्षर अर्ध्यात तुटत होतं; आधीच्या गोंधळात ते दिसलंच नव्हतं. मी ती दुरुस्त केली, आणि ऑफिसनं निरोप सुरू केले.

लग्न होऊन आल्यापासून माझं काम म्हणजे या घरात नुसतं 'कम्प्युटरवर बसणं' होतं. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी माझ्या शेजारी बसून त्यात डोकावलं. ते मी विसरणार नाही.

संध्याकाळी ते टर्मिनल बनवणाऱ्यांना मी आभाराचं पत्र लिहायला घेतलं. आबांनी विचारलं, "कुठं ऱ्हात्यात ती माणसं?"

"लांब, परदेशात. आपली मराठी त्यांना वाचताही येत नसेल."

"तरीबी केलं व्हय? जवळ असती तर डाळिंबाची पेटी धाडली असती."

मी तेही पत्रात लिहिलं.