आमच्या मीटरचं चाक

आमच्या राजाजीनगरच्या घरात टीव्ही फार उशिरा आला, पण अण्णांचं त्यावाचून काही अडलं नाही. त्यांना बघायला मीटर होता. अण्णा म्हणजे माझे वडील. बेंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आमच्यासारख्या घरांत वडलांना 'बाबा' म्हणणारं पोर शोधून सापडायचं नाही.

रिटायर झाल्यापासून अण्णांची खुर्ची व्हरांड्यात, मीटरच्या बरोबर समोर. मीटर म्हणजे काळं डबडं, पुढं काच, काचेआड आडवं फिरणारं चाक आणि चाकाच्या कडेवर लाल ठिपका. घरात कुणी इस्त्री लावली की चाक भरधाव सुटायचं. मागोमाग अण्णा.

"पळतोय! मीटर पळतोय! कोण गं ती इस्त्री लावून बसलीय?"

मी. आणखी कोण? कॉलेजात शिकवायला जाताना चुरगळलेली साडी नेसून जाऊ? पण हे तोंडावर बोलायची सोय नव्हती. मी इस्त्री बंद करायची, अण्णा पाठमोरे झाले की परत लावायची.

खरी काळजी मात्र वेगळी होती. अण्णांचे डोळे. स्कूटर गेटाला घासून आत यायला लागली होती. शेजारच्या काकूंना त्यांनी दोनदा पोस्टमन समजून "काय रे, आमचं काही आहे का?" विचारलं होतं. दिवाळीला चिकपेटेच्या बाजारातून आईसाठी हौसेनं मोरपंखी साडी आणली, ती उघडली तर चक्क वांगी रंगाची. आईनं ती घडी घालून कपाटात ठेवली. ह्याच माणसाच्या स्कूटरवर मागं बसून ती आठवड्यातून दोनदा गर्दीतून बाजाराला जायची, आणि मी घरी जीव मुठीत धरून बसायची.

"अहो, एकदा डोळे दाखवून या," आई वर्षभर म्हणत होती.

आणि अण्णा वर्षभर एकच सांगत होते, "माझ्या डोळ्यांना कुणी हात लावायचा नाही!" कारण आम्हाला ठाऊक होतं. आजोबांचं डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं होतं, होता तो डोळाही गेला होता. त्यानंतर अण्णांनी डॉक्टर आणि डोळा हे दोन शब्द एकत्र ऐकूनच घ्यायचे नाहीत असं ठरवलं होतं.

शिवाय त्यांच्याकडं पुरावा होता. खुर्चीत बसल्या बसल्या बोट दाखवायचे. "हा बघ, लाल ठिपका गेला. हा आला. आता चाक वाढलं, फ्रीज सुरू झाला असणार." मी धावत जाऊन बघायची, तर फ्रीज खरंच सुरू झालेला. "इथून चाक दिसतं मला! तुमचा डॉक्टर आणखी काय दाखवणार?"

अशात एका दुपारी वीज खात्याची माणसं नवा मीटर घेऊन दारात आली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमची खंडेनवमी, गल्लीची आयुधपूजा. अण्णा पूजेनंतर फोडायचा कोहळा आणि फुलं आणायला गेले होते. लाइनमननं जुना मीटर काढून पोत्यात घातला आणि तसलंच काळं, जरा आटोपशीर डबडं त्याच फळीवर ठोकलं. मी वाकून बघितलं. चाक कुठं गेलं?

"चक्र गिक्र एनू इल्ला अम्मा," तो हसून म्हणाला. चाक-बिक काही नाही. हा इलेक्ट्रॉनिक. नुसते आकडे, आणि एक बारकासा दिवा लुकलुकणार.

अय्यो! मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता चाकच नाही, तर पळणार काय? "आई, आपण होऊन सांगायचं नाही हं," मी म्हटलं. "अण्णा बघतील तेव्हा कसला भडका उडतो बघू." आईनं लाइनमनच्या हातात कॉफी दिली आणि तीही पदरात हसली.

अण्णा आले तेव्हा नेमके लाइट गेलेले. मेणबत्तीच्या उजेडात जेवणं झाली. भडका सकाळवर गेला.

सकाळी अंघोळी करून अण्णांनी पूजेला सुरुवात केली. आमच्याकडं त्या दिवशी घरातल्या झाडून सगळ्या हत्यारांना कुंकू लागतं. विळी, सुऱ्या, शिवणयंत्र, मिक्सर, माझं पेपर तपासायचं लाल पेन. आणि पहिला मान मीटरचा. आईनं त्याला झेंडूची माळ घालून ठेवली होती, तिच्याखाली तो लुकलुकणारा दिवा झाकला गेला होता. मी दाराआड उभी राहून तोंडावर हात दाबून धरला. आता उडतो भडका.

अण्णांनी मीटरला बोटानं गंध लावलं. फुलं वाहिली. दोन पावलं मागं सरून हात जोडले, आणि मोठ्या कौतुकानं म्हणाले, "काच लख्ख पुसलीस हो. बघ, आज सणाच्या दिवशी चाक कसं शहाण्यासारखं हळू फिरतंय. लाल ठिपका गेला... हा आला."

हसू माझ्या घशापर्यंत आलं होतं. मी आईकडं बघितलं. ती हसत नव्हती. मग माझंही हसू तिथंच अडकलं.

अण्णा स्कूटरकडं वळले. पूजा झाली की दोन्ही चाकांखाली एकेक लिंबू ठेवायचं आणि गाडी त्यावरून न्यायची, म्हणजे दृष्ट उतरते. लिंबं ठेवायचं काम दरवर्षी आईचं. अण्णा ऐटीत स्कूटरवर बसले, किक मारली. आई समोर येऊन उभी राहिली.

"अहो, लिंबं नीट ठेवलीयत ना? बघा जरा."

अण्णा वाकले. अगदी निरखून बघितलं. "ठेवलीयत की! पुढचं स्वल्प बाहेर आलंय, पण चालेल."

आईनं मूठ उघडली. दोन्ही लिंबं तिच्या हातात होती. तिनं ती अण्णांच्या तळव्यावर ठेवली आणि वरून त्यांची बोटं मिटली.

अण्णांनी स्कूटर बंद केली.

"मीटरला चाक नाहीये," आई हळूच म्हणाली. "काल बदलला."

अण्णा लिंबं हातात घेऊन पायरीवर बसले. मला ते बघवेना.

"मग फ्रीज सुरू झालेला कसा कळायचा तुम्हाला?" मी विचारलं.

"घरघरतो की."

"आणि इस्त्री?"

"वास येतो."

"आणि आईला मागं बसवून चिकपेटेतून स्कूटर?"

"ती असते ना मागं," अण्णा म्हणाले. "डावीकडनं बस आली की तिची नखं डाव्या खांद्यात रुततात. उजवीकडनं आली की उजव्या."

मला हसावं की रडावं कळेना. आई मात्र त्यांच्या शेजारी पायरीवर बसली.

"आजोबांचा हात धरून मीच त्यांना ऑपरेशनला आत नेलं होतं," अण्णा शेवटी म्हणाले. "भीती वाटते गं मला."

"वाटू दे. मी दारात बसते," आई म्हणाली. "माझी नखं आहेत अजून."

कोहळा मी फोडला. स्कूटर त्या वर्षी लिंबांवरून गेलीच नाही.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, चांगला पिकलेला. ऑपरेशन झालं, हिरवी पट्टी आली, ती जाऊन काळा चष्मा आला. मग नवा चष्मा लावून अण्णा रिक्षानं घरी आले. गेटातून नीट मधून चालत आले, व्हरांड्यात थबकले, आणि मी खंडेनवमीपासून ज्याची वाट बघत होते तो भडका उडाला.

"हे काय? हे कसलं मेलं लुकलुकतंय! चाक नाही, ठिपका नाही, यात माणसानं बघायचं तरी काय?"

अख्ख्या गल्लीला ऐकू गेलं असेल. माझ्या कानांना इतकं गोड कधी काही लागलं नव्हतं.

आई दारात भाकरतुकडा ओवाळायला उभी होती. अण्णा तिच्याकडं वळले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ही वांगी रंगाची साडी कुणी आणून दिली तुला?"

"आणली एकानं," आई म्हणाली. "मोरपंखी म्हणून."